एका डॉलरचा गोल्फ कोर्स

एका डॉलरमध्ये काय येतं? आपल्याकडे कॅन्टीनमध्ये दोघांचा वडापाव आणि कटिंग, तेही जेमतेम. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीला मात्र एका डॉलरमध्ये अख्ख्या गोल्फ कोर्सचं डिझाइन मिळालं! ते करणारे पीट डाय म्हणजे गोल्फच्या दुनियेतले बाप आर्किटेक्ट. फी म्हणून त्यांनी घेतला फक्त तो एक डॉलर.

पर्ड्यू म्हटलं की एमएसला जाणाऱ्यांना इंजिनीअरिंगच आठवतं. चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँग इथलाच. पण वेस्ट लाफायेतच्या या कॅम्पसला लागून १८ होल्सचे दोन गोल्फ कोर्स आहेत. त्यातला डाय यांचा ‘कॅम्पेन’ १९९८ मध्ये सुरू झाला.

डाय आधी विमा विकायचे. १९६३ मध्ये पत्नी अ‍ॅलिससोबत ते स्कॉटलंडला गेले, समुद्राकाठचे जुने कोर्स बघून आले आणि मग अमेरिकेतल्या गुळगुळीत हिरवळीत खोल खड्ड्यांसारखे बंकर खणायला, कडांना रेल्वेचे लाकडी स्लीपर ठोकायला लागले. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचं ते फेमस सतरावं होल, जवळजवळ चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये ग्रीन, तेही त्यांचंच. खरं तर तिथे पाणी सोडायची आयडिया अ‍ॅलिसची. नाव मात्र पीटचंच होतं. असो.

कॅम्पेनवरही खेळाडूला छळायची चोख सोय आहे. वाळूचे लांबच लांब पट्टे, मुद्दाम वाढू दिलेलं गवत आणि पाणी. २००८ मध्ये पुरुषांच्या कॉलेज गोल्फची राष्ट्रीय स्पर्धा इथेच झाली. पण हे पाणी नुसतं बॉल बुडवायला ठेवलेलं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

गोल्फवरचा सगळ्यात मोठा आक्षेप काय? पाणी पितो आणि रसायनं ओकतो. ग्रीनवरचं गवत जेमतेम तीन मिलिमीटर ठेवतात. इतकं भादरलेलं गवत हिरवंगार ठेवायचं तर पाणी, खत, औषधं आलीच. पाऊस पडला की त्यातलं बरंचसं जवळच्या ओढ्यात. आपल्याला हा वाद नवीन नाही. २०१६ च्या दुष्काळात आयपीएलच्या पिचला पाणी कशाला, असं म्हणत मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला मुंबई हायकोर्टाने लावलं होतंच की.

कॅम्पेनमध्ये यावर काढलेला तोडगा म्हणजे पाणथळ जागा. मुद्दाम बांधलेल्या. कोर्सवरचं पाणी तिथे येतंच, शिवाय शेजारचे रस्ते आणि पार्किंगमधून वाहून येणारं पाणीही. पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि फॉस्फरसचा बराच भाग त्याला चिकटून राहतो. तळाच्या चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. पाणकणसासारख्या वनस्पतीही आपला वाटा उचलतात. त्यानंतरच पाणी सेलरी बॉग नावाच्या शेजारच्या नैसर्गिक दलदलीकडे जातं. पर्ड्यूच्या संशोधकांनी काही वर्षं आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी तपासलं. बाहेर जाताना नायट्रेट आणि अमोनिया घटलेले आढळले. म्हणजे खेळाडू ज्या डबक्याला शिव्या घालतो, ते शहराचा मळही धुतंय!

कोर्स बांधायला गवताचं शास्त्र शिकणारे स्टुडंट्सही राबले. हो, गवतात डिग्री मिळते तिथे. कोर्सला लागूनच त्यांचं टर्फग्रास सेंटर आहे, गवताच्या रोगांचं निदान होतं तिथे. प्रॅक्टिकलला आणखी काय हवं?

म्हणून गोल्फला क्लीन चिट द्यायची का? मला नाही वाटत. पाणथळ जागा पाणी स्वच्छ करते, पण गवताची तहान ती कमी करत नाही. आणि चार जणांच्या खेळाला लागणारी एवढी जमीन, तो प्रश्न तर तसाच राहतो. पण कॅम्पसवरच्या मैदानातून वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवावा, हे कुणाला तरी डिझाइनच्या टेबलावरच सुचलं, हे भारी आहे.

पर्ड्यूचा दुसरा कोर्सही नंतर डाय यांनीच नव्याने घडवला. २०१६ मध्ये तो खुला झाला, तेव्हा आजोबा नव्वद वर्षांचे होते.