दुसरी बाजूही काढून टाकावी का?

भातलावणीची घाई चालू असावी आणि त्याच वेळी आपल्या मुळशीतल्या एखाद्या बाईच्या हाताला छातीत गाठ लागावी. ती पौडला दाखवते, पुण्याला जाते, सुईने तपासणी होते आणि कर्करोग निघतो. डॉक्टर म्हणतात, "या बाजूचे ऑपरेशन करू." घरी आल्यावर ओटीवर सगळे जमतात. जाऊ म्हणते, "दोन्ही बाजू एकदाच काढून टाका, मागे कटकट नको." बाईच्याही मनात तेच असते. लेकरे लहान आहेत, तिला जगायचे असते.

हा विचार वेडेपणाचा नव्हे. एका खाचरात करपा पडला की तो वाऱ्याने शेजारच्या खाचरात जातो, हे आपण पाहिलेले असते. पण हा रोग तसा वागत नाही. दुसऱ्या स्तनात पुढे कधी गाठ झालीच, तर ती बहुधा नवी असते, पहिलीची पिल्ले नसतात. जिवाला खरा घोर असतो तो पहिल्या गाठीतल्या पेशी रक्तावाटे हाडांत, फुप्फुसांत, यकृतात जाऊन बसण्याचा. निरोगी बाजू कापून तो घोर कमी होत नाही.

टोरोंटोच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक रुग्ण बायकांच्या नोंदी तपासून २०२४ साली निष्कर्ष छापले. दुसरी बाजू ठेवलेल्या १०० बायकांपैकी सुमारे ७ जणींना २० वर्षांत तिकडे कर्करोग झाला. दोन्ही बाजू काढलेल्यांत असे फारच थोड्या जणींना झाले. पण स्तनाच्या कर्करोगाने दगावणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले.

जास्त कापले म्हणजे जास्त वाचले, असे नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ३५० बायकांवर अभ्यास केला. त्यांचा रोग आधीच शरीरात पसरलेला होता. तिथेही स्तन काढल्याने आयुष्य वाढले नाही, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. म्हणून रोग लवकर सापडला असताना त्या बाजूचे ऑपरेशन टाळायचे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ते करायलाच हवे.

आता अपवाद सांगते, कारण तो मोठा आहे. काही घराण्यांत रक्तातूनच दोष उतरतो. बीआरसीए नावाच्या जनुकातला हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. तेव्हा आजोळ विचारा, तशी आत्याही विचारा. कोणाला तरुणपणी स्तनाचा कर्करोग झाला होता का? कोणाला बीजकोशाचा? घरातल्या एखाद्या पुरुषाला स्तनाचा? तसे असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा आणि रक्ताची जनुक तपासणी करायची का, ते विचारा. दोष निघाला तर दुसऱ्या बाजूचा धोका कितीतरी जास्त असतो. तिथे ती काढण्याचा विचार रास्त आहे. बीजकोशांचाही प्रश्न तेव्हा निघतो.

दोष नसताना केवळ धास्तीपोटी काढायचे, तर किंमत पाहा. ऑपरेशन लांबते, जखमा दोन. एखादी चिघळली तर पुढची औषधे आणि शेक लांबणीवर पडतात, आणि जीव वाचवतात ती तीच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात, पण निरोगी बाजूचे ऑपरेशन त्यात बसते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. घरधन्यांनीही एक ध्यानात ठेवावे. हा निर्णय ओटीवरच्या मतांनी करायचा नाही. आणि तो त्याच आठवड्यात करण्याची सक्ती नसते. दुसरी बाजू नंतरही काढता येते.

ठेवायचे ठरले, तर त्या स्तनाचा फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, दरवर्षी काढायची. डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच-दहा वर्षे दिली असेल तर तिने दुसऱ्या बाजूचा धोकाही कमी होतो. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नका. आणि तपासणीची तारीख लावणीत आली, तर त्या दिवशी शेतावर दुसरी बाई लावा.