डीएनएची शिडी मुलांना कशी समजावून सांगाल?

दहावीतल्या मुलाला विचारून पाहा, “डीएनए कसा दिसतो?” तो बहुधा पटकन सांगेल, “पीळ दिलेल्या शिडीसारखा.” मग विचारा, “या शिडीचा उपयोग काय?” इथे बरीच मुलं गप्प होतात. यात चूक त्यांची नाही. आकृती काढली, चार नावं पाठ केली की धडा संपतो. त्या रचनेमुळे काय शक्य होतं, हे सांगायचं राहूनच जातं. ते सांगायला एक खरी गोष्ट आहे आणि तिची सुरुवात वाराणसीत होते.

उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावी १९४७ साली लालजी सिंह यांचा जन्म झाला. शेतकऱ्याचा हा मुलगा शिकायला वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात आला आणि १९७१ साली तिथेच सापांच्या गुणसूत्रांवर त्याने पीएच.डी. केली. सापच का? हा प्रश्न मुलं विचारणारच. नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रांची जोडी अजगराच्या मादीत एकसारखी दिसते. मण्यारीसारख्या विषारी सापाच्या मादीत मात्र त्यातलं एक अगदी वेगळं असतं. हा फरक कशामुळे पडतो, हे त्यांना शोधायचं होतं.

आधी जोडीचा नियम

गोष्ट पुढे नेण्याआधी मुलाला कागद-पेन्सिल घ्यायला सांगा. शिडीची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची असते आणि हे तुकडे चारच प्रकारचे असतात: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. थोडक्यात ए, टी, जी आणि सी. ए समोर टी येतो आणि जी समोर सी. आता कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहायला सांगा: जी, ए, टी, ए. समोर काय येईल? सी, टी, ए, टी. तुम्ही सांगायच्या आत त्याने लिहिलेलंही असेल.

मग कागद मधोमध उभा फाडा, एक अर्धा बाजूला ठेवा आणि उरलेल्या अर्ध्यावरून हरवलेली बाजू पुन्हा लिहायला सांगा. पेशीचे दोन भाग होण्याआधी डीएनएच्या बाबतीत हेच घडतं. दोन्ही बाजू सुट्या होतात आणि प्रत्येकीसमोर नवी जोडीदार बाजू तयार होते. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना मांडली, तेव्हा नक्कल कशी होत असेल याचा इशाराही त्यांनी त्याच लेखात दिला होता. त्यांना ज्या क्ष-किरण चित्राचा मोठा आधार मिळाला, ते रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतलं होतं. हे नाव मुलांना आवर्जून सांगा. १९६२ साली नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या हयात नव्हत्या.

केळं कुस्करून डीएनए वेगळा काढण्याचा प्रयोग शाळांतून हल्ली बराच होतो. गंमत येते, पण हाती लागतात ते पांढरे धागे. शिडी काही त्यात दिसत नाही. त्यापेक्षा घरातला एखादा साधा स्क्रू दाखवा. त्याचा पीळ ज्या दिशेने चढतो, त्याच दिशेने आपल्या पेशीतल्या डीएनएचा पीळ जातो. जाहिरातींतल्या चित्रांत तो कितीदा उलटा असतो, हे शोधायला मुलांना फार आवडतं!

साप न्यायालयापर्यंत कसा पोहोचला?

लालजी सिंह पुढे एडिंबरोला गेले. पट्टेरी मण्यारीच्या डीएनएमध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा येणारा एक मजकूर सापडला: जीएटीए, जीएटीए, जीएटीए. तुमच्या मुलाने लिहिला तोच. असेच तुकडे माणसातही होते, पण त्यांची लांबी माणसागणिक वेगळी.

१९८७ साली ते हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत आले. तोवर इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली होती. लालजींनी त्यासाठी मण्यारीचा तुकडा वापरला. डीएनए ठरावीक जागी तोडायचा, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायचे, त्यांच्या बाजू सुट्या करायच्या आणि त्यावर किरणोत्सारी खूण केलेली मण्यारीची बाजू सोडायची. जिथे जोडीदार असेल तिथेच ती चिकटते आणि फिल्मवर तिथे पट्टी उमटते. म्हणजे सगळी करामत जोडीच्या नियमाचीच!

१९८९ साली केरळमधल्या तेलिचेरीच्या न्यायालयापुढे एका मुलाच्या पितृत्वाचा वाद होता. आई पोटगी मागत होती आणि पुरुष आपण बाप असल्याचं नाकारत होता. हैदराबादची डीएनए तपासणी न्यायालयाने मान्य केली आणि तोच बाप ठरला. पुढे केरळ उच्च न्यायालयानेही ते ग्राह्य धरलं. लालजी सिंह २०११ मध्ये आपल्या जुन्या विद्यापीठात कुलगुरू म्हणून परतले. २०१७ साली वाराणसीतच त्यांचं निधन झालं.

आता त्याच कागदाच्या मागे तीन उभ्या रकान्यांत पट्ट्या काढा: आई, मूल आणि तो पुरुष. मुलाची प्रत्येक पट्टी आईकडून किंवा बापाकडून आलेली असते. आधी आईशी जुळणाऱ्या पट्ट्यांवर काट मारायला सांगा. उरलेल्या पट्ट्या त्या पुरुषाच्या रकान्यात सापडतात का, हे तुमच्या न्यायाधीशालाच ठरवू द्या.