जुन्या रायफलीत नवे काडतूस: आकार जुळला तरी धोका टळत नाही

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रायफलीत आजच्या कारखान्यातील काडतूस अलगद बसते, तेव्हा ते तिच्यासाठी सुरक्षितच असणार, असा समज सहज होतो. हा समज घातक ठरू शकतो. काडतुसाच्या नावावरून त्याचा आकार कळतो. ते उडाल्यावर नळीत किती दाब निर्माण होईल, हे त्या नावावरून कळत नाही.

या धोक्याचे मूळ दारूच्या इतिहासात आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू अनेक शतके वापरात होती. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी रायफलीसाठी उपयुक्त अशी धूरविरहित दारू तयार केली. तेवढ्याच वजनाच्या काळ्या दारूपेक्षा तिच्यात कितीतरी अधिक ऊर्जा असते. त्यामुळे काळ्या दारूच्या काडतुसाइतक्याच मापाने धूरविरहित दारू भरली, तर नळीचा मागील भाग फुटून नेमबाजाचा डोळा, हात किंवा प्राणही जाऊ शकतो.

अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेली ‘ट्रॅपडोअर’ स्प्रिंगफील्ड रायफल हे याचे बोलके उदाहरण आहे. तिच्या ‘.४५-७०’ या काडतुसाच्या नावातील पहिला आकडा गोळीचा इंचातील व्यास दर्शवतो, तर दुसरा काळ्या दारूचे ७० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम वजन. हे काडतूस आजही तयार होते. अमेरिकी उद्योगमानकानुसार त्याच्या दाबाची कमाल मर्यादा प्रति चौरस इंच २८,००० पौंड आहे. मात्र याच आकाराच्या काडतुसांत आधुनिक, भक्कम रायफलींसाठी याहून कितीतरी जोरदार भरणीही केली जाते. म्हणूनच काडतूस भरण्याच्या मार्गदर्शक पुस्तिकांत .४५-७० साठी सामान्यतः तीन स्वतंत्र तक्ते असतात: ट्रॅपडोअरसाठी सर्वांत सौम्य, लिव्हर पद्धतीच्या रायफलींसाठी मध्यम आणि आधुनिक एकफैरी रायफलींसाठी सर्वांत जोरदार. तिसऱ्या तक्त्यातील काडतूस ट्रॅपडोअरमध्येही तितक्याच सहजतेने बसते आणि खरा धोका तेथेच आहे.

भारतीयांच्या परिचयाच्या .३०३ काडतुसाचा इतिहासही हेच सांगतो. १८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराने ली-मेटफर्ड रायफलीसोबत ते स्वीकारले, तेव्हा त्यात काळी दारू होती. काही वर्षांतच तिची जागा कॉर्डाइट या धूरविरहित दारूने घेतली. कॉर्डाइटच्या प्रखर उष्णतेने मेटफर्ड नळीतील उथळ आटे लवकर झिजू लागले. अखेर १८९५ मध्ये अधिक खोल आटे असलेली ली-एन्फील्ड पुढे आली.

काही वेळा दोष दारूचा नसून धातूचा असतो. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलींच्या प्रारंभीच्या उत्पादनात पोलाद किती तापले, हे कारागीर रंगावरून, डोळ्यांच्या अंदाजाने ठरवत. परिणामी काही रायफलींतील पोलाद ठिसूळ झाले आणि १९१७ मध्ये रायफली फुटण्याच्या घटनांनंतर उष्णताप्रक्रिया बदलण्यात आली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफली म्हणूनच संशयास्पद मानल्या जातात. अशा शस्त्रातून सौम्य काडतूसही उडवू नये, असा सावध सल्ला दिला जातो, कारण ठिसूळ धातू तडकण्यापूर्वी कोणतीही पूर्वसूचना देत नाही.

त्यामुळे काडतूस निवडण्यापूर्वी रायफलीचे अचूक प्रारूप, निर्मितीचा काळ आणि तिची चाचणी कोणत्या दारूसाठी झाली होती, हे निश्चित करावे लागते. नळीवर कोरलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण मधल्या काळात कोणीतरी नळी किंवा तिची कोठी बदललेली असू शकते. जाणकार कारागीर कोठीचा साचा घेऊन प्रत्यक्ष मोजमाप करतो, तसेच गंज, तडे आणि बोल्टची झीज तपासतो. त्यानंतरही भरणी मूळ दाबाच्या मर्यादेतच राहावी लागते.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सवलत कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना मिळते. पण ते शस्त्र दुरुस्तीनंतरही वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट आहे. म्हणजेच चालू स्थितीतील वडिलोपार्जित रायफलीला परवाना आवश्यकच असतो. परवान्याविना काडतुसे तयार करण्यासही मनाई आहे.

रायफलीची पूर्वपीठिका निश्चित होत नसेल, तर तिच्यासाठी सुरक्षित काडतूस नसतेच. तिची जागा भिंतीवर किंवा संग्रहालयाच्या कपाटात असते.