चहाचा कप आणि दुसऱ्या अंकातलं वाक्य

एका हौशी नाटकाच्या तालमीतली गंमत. चहाची सुट्टी झाली होती. कुणीतरी एका नटाला सहज विचारलं, "पत्र आल्यावरचं तुझं ते वाक्य काय रे?" गडी अडला. डोकं खाजवलं, छताकडे बघितलं, काही केल्या आठवेना. मग उठला, फरशीवर खडूने आखलेल्या दारापाशी गेला, कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने समोर नसलेलं पत्र उचललं. लगेच वाक्य आलं. तेच नाही, त्याच्या पुढची चार-पाचही आली.

आता हे वाक्य होतं कुठे, डोक्यात की हातात?

नटाच्या तयारीचं म्हणून आपण जे कौतुक करतो ते बहुतेक आवाजाचं, श्वासाचं, कमावलेल्या शरीराचं. पाठांतर मात्र "घोकलं असेल" म्हणून सोडून देतो. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांत नटाच्या वाट्याच्या भाषणांना 'नक्कल' म्हणत, आणि नक्कल पाठ झाली का, ही मालकांची पहिली चौकशी असे. इंग्रजीतला 'रोल'ही मुळात कागदाची गुंडाळीच. शेक्सपिअरचा समकालीन नट एडवर्ड अ‍ॅलन याची अशी एक गुंडाळी लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपून ठेवलेली आहे. तिच्यात फक्त त्याची भाषणं आहेत, आणि समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. बाकी नाटक काय ते रंगमंचावर कळायचं!

हे सगळं लक्षात कसं राहतं, याचा पिच्छा अमेरिकेत एका जोडप्याने पुरवला. हेल्गा नॉइस मानसशास्त्रज्ञ, टोनी नॉइस नट आणि दिग्दर्शक. घरातच प्रश्न आणि घरातच नमुना. मुरलेले नट संहिता कशी वाचतात हे त्यांनी बारकाईने पाहिलं, तर ते घोकत नव्हतेच. ते प्रत्येक वाक्याशी हुज्जत घालत होते. हा माणूस हे आत्ताच का म्हणतोय? याला समोरच्याला मनवायचंय, टोचायचंय, की विषय टाळायचाय? आणि नेमका हाच शब्द का?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मराठी घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. नाटकातलं एखादं पात्र उंबऱ्यावर 'जातो' म्हणालं, तर नट तिथे थबकणार. हा रागावलाय? परत न येण्याचं ठरवून निघालाय? एकदा उत्तर सापडलं की त्या जागी चुकूनही 'येतो' तोंडात येत नाही. शब्द पाठ करावा लागलाच नाही, तो अटळ झाला.

मग नॉइस दांपत्याने हे नट नसलेल्या विद्यार्थ्यांवर करून पाहिलं. काहींना सांगितलं, उतारा पाठ करा. काहींना सांगितलं, पाठबिठ करू नका, समोरच्याला मनापासून सांगतोय असं समजून वाचा. जास्त लक्षात राहिलं ते दुसऱ्यांच्या. नटांच्या बाबतीत आणखी एक दिसलं: चालता-उठताना म्हटलेली वाक्यं जागच्या जागी म्हटलेल्या वाक्यांपेक्षा पक्की बसतात, आणि पुढे स्वस्थ बसून आठवली तरी तो फरक टिकतो. डुलत डुलत पाढे म्हणणाऱ्या पोरांना किंवा हात वरखाली करून स्वर दाखवणाऱ्या वेदपाठशाळेतल्या मुलांना यात फारसं नवल वाटणार नाही.

मी थक्क झालो तो जॉन बेसिंजर या अमेरिकन नटाबद्दल वाचून. 1993 साली, वयाच्या 58व्या वर्षी, याने मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' पाठ करायला घेतलं. ओळी 10,565! व्यायामाच्या पट्ट्यावर चालत चालत, मोठ्याने म्हणत. 2001मध्ये तीन दिवसांत त्याने अख्खं काव्य म्हणून दाखवलं. 74व्या वर्षी वेस्लियन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा घेतली. मधल्याच कुठल्यातरी दोन ओळी द्यायच्या, पुढच्या दहा त्याने म्हणायच्या. शेकडा 88 शब्द बरोबर आले.

आणि आपले लक्ष्मण देशपांडे? 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटा माणूस 52 जणांना रंगमंचावर आणायचा. माझा आपला अंदाज, त्यांना 52 जणांची वाक्यं वेगळी शोधावी लागतच नसणार. कंबर वाकली की म्हातारी बोलायला लागत असणार.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शक म्हणतो, "इथे बसू नकोस, उभाच राहा," आणि नट एकदम चिडतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा बदलाने याचं काय बिघडलं? उभं राहायला त्याची हरकत नसते. खुर्चीत टेकता टेकता जे वाक्य यायचं, ते आता उद्या कुठून आणायचं, या काळजीत तो असतो.