जुना कॅमेरा ठेवावा की बदलावा?

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. तालुक्याच्या गावी त्याचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होती आणि खिशात कर्जाचा अर्ज. म्हणाला, "गुरुजी, तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होईल. त्याआधी नवा कॅमेरा घेऊन टाकतो. माझा फार जुना झाला. कार्यात पोरं हसतात त्याला."

मी म्हटले, "पोरं हसतात ते राहू दे. कॅमेरा काय म्हणतो?"

त्यावर तो गप्प बसला. नवा कॅमेरा आणि त्याची नवी भिंगे म्हणजे लाखाच्या पुढचे काम. लग्ने होतात वर्षाचे काही महिने, पण कर्जाचा हप्ता बाराही महिने दारात उभा राहतो. शिवाय त्याच्या मुलीला यंदा बारावीनंतर पुढे शिकायला पाठवायचे होते. छायाचित्रणाचा नाद मला फिल्मच्या काळापासून आहे. म्हणून आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या बैठकीत जो हिशेब झाला, तोच आज तुम्हांला सांगतो.

प्रथम त्याचा कॅमेरा कोणता ते पाहू. तो होता कॅनन कंपनीचा ५डी मार्क टू, २००८ साली निघालेला. याला 'फुल फ्रेम' कॅमेरा म्हणतात. पूर्वी आपण जो फिल्मचा रोळ घालीत होतो, त्यातील एका चित्राची चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर नावाची प्रकाश टिपणारी चकती असते. ती या जुन्या चौकटीएवढी असली, की तो फुल फ्रेम कॅमेरा. स्वस्त कॅमेऱ्यांतला सेन्सर याच्या निम्म्याहून लहान असतो आणि मोबाइलमधला तर नखाएवढा. पागोळीखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर जास्त पाणी कशात साठेल? प्रकाशाचेही तसेच. मोठा सेन्सर म्हणजे परात, आणि ती परात कॅमेरा जुना झाला म्हणून आक्रसत नाही.

आता लोक पहिला प्रश्न विचारतात तो मेगापिक्सेलचा. चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यांची ही मोजणी. आमच्या जुन्या कॅमेऱ्यात आडवे ५६१६ आणि उभे ३७४४ ठिपके, म्हणजे एकूण सुमारे २ कोटी १० लाख. छापताना एका इंचात ३०० ठिपके धरले, तर साडेअठरा इंच लांब आणि बारा इंच रुंद असा सुबक फोटो निघतो. अल्बमचे मोठे पान भरेल इतका. आणि गंमत पाहा, याच कंपनीने २०२० साली काढलेल्या आर६ या कॅमेऱ्यात ठिपके आहेत ५४७२ गुणिले ३६४८, म्हणजे जुन्यापेक्षा किंचित कमीच! तेव्हा निव्वळ ठिपक्यांसाठी कर्ज काढण्यात अर्थ नाही. २०१० साली अमेरिकेतील 'हाउस' या दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग याच मार्क टूवर चित्रित झाला होता. म्हणजे यंत्र काही लेचेपेचे नव्हते.

मग बारा वर्षांत काहीच बदलले नाही काय? बदलले, आणि पुष्कळ बदलले. पण ते ठिपक्यांत नव्हे.

पहिला बदल अंधारातला. रेडिओवर दूरचे केंद्र लावले आणि आवाज मोठा केला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते, हा तुमचा रोजचा अनुभव. कॅमेऱ्यात 'आयएसओ' नावाची जी कळ असते ती अशीच आवाज मोठा करणारी. प्रकाश कमी असताना ती चढवली की चित्र उजळते, पण त्यात दाणेदार खरखर उतरते. नवे कॅमेरे ही खरखर पुष्कळ काबूत ठेवतात.

दुसरा बदल नेमका फोकस धरण्याचा. मार्क टूमध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत, तेही बहुतेक मध्यभागी दाटलेले. नवा कॅमेरा माणसाचा चेहरा, एवढेच काय डोळासुद्धा ओळखतो आणि माणूस हलला तरी त्याचा माग सोडत नाही. कबड्डीची चढाई, उडणारा बगळा, धावणारे मूल टिपायचे असेल, तर हा फरक फार मोठा. चलचित्रणातही नवे यंत्र कितीतरी पुढे गेले आहे.

तिसरा बदल छोटा वाटेल, पण माझ्या विद्यार्थ्याला तोच झोंबला. मार्क टूमध्ये मेमरी कार्ड घालायची खाच एकच. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात त्याचे कार्ड मध्येच बिघडले आणि हळदीचे सगळे फोटो गेले. वधूची आजी त्या हळदीला खाटेवरून उठून आली होती. पुढे महिन्याभरात ती वारली. "त्या घरचे लोक मला काही बोलले नाहीत," तो म्हणाला, "पण मी अजून त्या आळीतून जात नाही, गुरुजी." नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन खाचा असतात. एकच फोटो दोन्ही कार्डांवर एकदम उतरतो. एक दगा देईल, पण दोन्ही एकदम देणे विरळाच.

इतके झाल्यावर मी त्याला घरचा अभ्यास दिला. "गेल्या सराईतले तू टाकून दिलेले फोटो काढ. फोटो का टाकला, त्याप्रमाणे ढीग कर. हललेले, फोकस चुकलेले, खरखर आलेले, आणि प्रकाशच वाईट असलेले." आठ दिवसांनी तो परत आला. सर्वांत मोठे ढीग निघाले हललेल्या आणि खरखर आलेल्या फोटोंचे, आणि जवळजवळ सगळे रात्रीच्या मांडवातले. मी विचारले, "मांडवात भिंग कोणतं लावतोस?" तर ते लांबचे जवळ आणणारे स्वस्तातले झूम भिंग, ज्याचे तोंड पुढे खेचल्यावर फक्त ५.६ पर्यंत उघडते.

भिंगाच्या तोंडाचा हा आकडा उलटा असतो, बरं का. आकडा लहान तर तोंड मोठे. पन्नास मिलिमीटरचे, १.८ पर्यंत उघडणारे साधे भिंग त्या झूमपेक्षा सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते, आणि किंमत नव्या कॅमेऱ्याच्या मानाने अगदी थोडी. म्हणजे दोष होता भिंगाचा आणि खापर फुटत होते कॅमेऱ्यावर! शिवाय कॅननची ही जुन्या बैठकीची भिंगे, जी १९८७ पासून चालत आली, ती २०१८ नंतरच्या नव्या कॅमेऱ्यांवरही जोडकडे लावून चालतात. त्यामुळे उद्या कॅमेरा बदलला तरी भिंगाचा पैसा वाया जात नाही.

राहिला दुसऱ्या कार्डाचा प्रश्न. तो भिंगाने सुटणार नव्हता आणि टाळण्याजोगाही नव्हता. त्यावर मधला मार्ग निघाला. २०१२ साली आलेल्या मार्क थ्रीमध्ये दोन कार्डांची सोय आहे, फोकसचे बिंदू ६१ आहेत, आणि जुनी भिंगे व बॅटरी तीच चालते. तो जुन्या बाजारात नव्याच्या काही हिश्शात मिळतो.

पण जुना माल घेताना बैल पाहावा तसा पाहून घ्यावा. शटर किती वेळा उघडले ते विचारावे. या दोन्ही कॅमेऱ्यांचे शटर सुमारे दीड लाख वेळा चालेल, असे कंपनीने धरलेले आहे. भिंगाचे तोंड बारीक करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. सेन्सरवर डाग असतील तर दिसतात. भिंग उजेडाकडे धरून आत कोळिष्टकासारखी बुरशी आहे का पाहावे. कोकणातल्या हवेत ती हमखास धरते. आणि जवळपास दुरुस्ती होते का, याची चौकशी आधी करावी, कारण जुन्या मॉडेलांचे सुटे भाग कालांतराने मिळेनासे होतात.

याचा अर्थ नवा कॅमेरा कोणीच घेऊ नये असा नव्हे. ज्याचा धंदा चलचित्रणावर किंवा खेळांच्या फोटोंवर चालतो आणि ज्याची कमाई हप्ता सहज पेलते, त्याने जरूर घ्यावा. उलट शाळेतील स्नेहसंमेलन, सहल, झेंडावंदन टिपणाऱ्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी आपला चालता कॅमेरा निर्धास्त वापरावा. आधी टाकलेल्या फोटोंचे ढीग करावे आणि दुखणे कुठे आहे ते पाहावे. दुखणे प्रकाशाचे असेल तर भिंग किंवा फ्लॅश घ्यावा, हाताचे असेल तर तिकाटणे घ्यावे, आणि कॅमेऱ्याचेच असेल तेव्हाच कॅमेरा.

माझ्या विद्यार्थ्याने कर्जाचा अर्ज भरला नाही. पन्नासचे भिंग आणि एक वापरलेला मार्क थ्री घेतला, जुना कॅमेरा जोडीला ठेवला. मुलगी ठरल्याप्रमाणे शिकायला गेली. परवा तो भेटला तेव्हा मी विचारले, "पोरं अजून हसतात का रे?" तो म्हणाला, "हसतात की. पण आता प्रत्येक कार्याचे फोटो दोन्ही कार्डांवर घेऊनच घरी येतो."