गोब्रा: आधी मादी, मग नर

पणजी वा मडगावच्या मासळी बाजारात मोठा गोब्रा आला की त्याच्याभोवती गिऱ्हाईक जमते. कोकणीतला ‘गोब्रो’ तो हाच. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे त्याला हेकरू म्हणतात. या एकाच नावाखाली अनेक जाती विकल्या जातात. त्यांपैकी अंगभर नारिंगी-तपकिरी ठिपके मिरविणारी ‘एपिनेफेलस कोइओइडीस’ ही एक. मासा पुल्लिंगी नावाचा, परंतु त्याचे आयुष्य सुरू होते ते मादी म्हणून.

लांबी २५ ते ३० सेंटिमीटर झाली, म्हणजे वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, ही मादी अंडी देण्याजोगी होते. पुढे काही वर्षे ती मादीच राहते. साधारण ५५ ते ७५ सेंटिमीटरच्या टप्प्यात तिचे अंडाशय क्षीण होऊन तेथे वृषणाची वाढ होऊ लागते आणि मादीचा नर होतो. मोठ्या आकाराचे मासे बहुधा नर असतात, ते यामुळे. पूर्ण वाढलेला गोब्रा मीटरभराहूनही लांब असू शकतो.

त्याचे खरे घर प्रवाळ आणि खडकांच्या कपारी. तेथे तो निश्चल दबा धरतो. मासळी, कोळंबी वा कुर्ली टप्प्यात आली की अकस्मात जबडा उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. अंडी व डिंभक मात्र समुद्राच्या प्रवाहावर तरंगत जातात आणि पिल्ले खाडीमुखाच्या उथळ, गढूळ पाण्यात, खारफुटीच्या मुळांशी वाढतात. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी या जातीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले, ते गंगेतील माशांवरील ग्रंथात! प्रवाळातल्या माशाची शास्त्रीय ओळख नदीमुखाशी व्हावी, यात म्हणूनच नवल नाही. ग्रँड बेटाभोवतालचे थोडेसे प्रवाळ राखले आणि मांडवी-जुवारीकाठची खारफुटी गमावली, तर अशा माशाला अर्धेच घर उरेल.

मासेमारीचा घाव त्याला दोन्हीकडून बसतो. खडकावर गळाला लागणारा मोठा मासा बहुधा नर, तर खाडीच्या जाळ्यात येणारे पिल्लू अद्याप अंडीही न घातलेले. नर किती दुर्मिळ, हे बीजोत्पादन करणारे जाणतात. पुरेसे नर मिळत नाहीत म्हणून माद्यांना संप्रेरक देऊन त्यांचे नर करावे लागतात. पावसाळ्यातील ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौका रोखते. उरलेल्या दहा महिन्यांत कोणत्या लांबीचा गोब्रा जाळ्यात आला, याचा हिशेब त्या बंदीत नाही.

तो हिशेब टोपलीपाशी उभे राहून करता येतो, आणि त्याला मोजपट्टी लागत नाही. वीतभर लांबीचा गोब्रा म्हणजे वयात न आलेले पोर. हातभर लांबीची बहुधा अंडी देणारी मादी. दीड हाताच्या पुढचा असेल, तर तो नर झालेला वा होऊ घातलेला.