टेबलावरचे सीएनसी आणि लेझर: जुळणी, दोषशोध आणि कोकणची हवा

संगणकाने दिलेल्या आकड्यांनुसार हत्यार फिरवणारे यंत्र म्हणजे सीएनसी. १९५२ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र चालवून दाखवले गेले, तेव्हा त्याच्या नियंत्रणासाठी निर्वात नळ्यांनी भरलेली कपाटे लागली होती. आज तेच काम तळहातावर मावणारा अर्डुइनो उनो बोर्ड करतो. त्यावर चालणारी ‘ग्रबल’ ही मोफत आज्ञाप्रणाली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ साली तयार केली आणि कारखान्यातले हे यंत्र घरच्या टेबलावर आले.

महाराष्ट्रात यंत्र स्वतः हाताळून शिकण्याच्या विचाराची बैठक आधीच तयार होती. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हे त्याचे सूत्र. २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. खेड्यातल्या मुलाने लेझर कटर वापरावा, इतकेच नव्हे तर तो बिघडल्यावर उघडावा, ही त्यामागची भूमिका छंदाच्या यंत्रांना आजही तंतोतंत लागू पडते.

कोकणातला पेण आणि रोहा हा पट्टा अशा यंत्राला सोयीचा आहे. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. मूर्तीचे मूळ मातीकाम आणि डोळ्यांची आखणी हे हाताचे काम आहे आणि ते हातानेच व्हावे. मात्र मखर, प्रभावळीची जाळी, पाटावरची नक्षी, नावाची पाटी ही सपाट कामे यंत्राला चांगली जमतात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठा, प्लायवूड व एमडीएफच्या घडीच्या मखरांना वाव मिळाला. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत असल्याने फिटर आणि वेल्डरचे हात जवळ आहेत. सुटे भागही दूर नाहीत. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेअरिंग आणि बोल्टसाठी नागदेवी स्ट्रीट. दिवा–रोहा मार्गावरच्या गाडीने जाऊन एका दिवसात दोन्ही बाजार होतात.

नवशिक्यांमध्ये ३०१८ हा नमुना सर्वाधिक प्रचलित आहे. त्याचे कामाचे क्षेत्र ३० बाय १८ सेंटिमीटर. जुळणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सांगाड्याचा काटकोन. दोन्ही कर्ण मोजून ते सारखे येईपर्यंत बोल्ट पूर्ण आवळू नयेत. इथे राहिलेला फरक पुढे कोणत्याही आज्ञावलीने भरून निघत नाही. आयत कापायला सांगितला की समांतरभुज चौकोन निघतो.

त्यानंतर हिशेब. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले की ३२०० होतात. एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा स्क्रू असेल तर प्रति मिलिमीटर ४०० पावले. २० दात्यांची पुली आणि २ मिमी दात्यांचा पट्टा असेल तर ८०. हे आकडे ग्रबलमध्ये $१००, $१०१ आणि $१०२ या जागी भरतात. ए४९८८ जातीच्या ड्रायव्हरवर विद्युतप्रवाहही बसवावा लागतो. बोर्डावर ०.१ ओहमचे रोधक असतील तर १ अँपिअरसाठी संदर्भ व्होल्टेज ०.८ येते. प्रवाह कमी पडला की मोटर पावले चुकवते, जास्त झाला की ड्रायव्हर तापून मध्येच थांबतो. वीज चालू असताना मोटरची वायर काढणे टाळावेच. ड्रायव्हर जळण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

दोषशोधाचे खरे कसब माप चुकल्यावर दिसते. बहुतेक जण लगेच सेटिंग बदलतात, आणि तिथेच गोंधळ वाढतो. आधी ५० मिमी आणि मग १०० मिमी सरकवून व्हर्नियरने मोजावे. ५० ला १ मिमी आणि १०० ला २ मिमी कमी भरत असेल, तर चूक पावलांच्या हिशेबात आहे. जुन्या आकड्याला १०० ने गुणून ९८ ने भागावे. कितीही अंतर सरकवले तरी दिशा उलटताना चूक तेवढीच राहत असेल, तर नटात किंवा पट्ट्यात ढिलाई आहे. चूक दर वेळी वेगळी येत असेल, तर पावले चुकत आहेत किंवा पुलीचा ग्रब स्क्रू सैल झाला आहे. मोटरच्या दांड्यावर आणि पुलीवर पेनाने एक सलग रेघ मारली की पुली घसरते आहे का ते लगेच कळते.

काम मध्येच थांबते, तेव्हाही अशीच फोड करावी. स्पिंडल, म्हणजे हत्यार गरगर फिरवणारी मोटर, बंद ठेवून हत्यार लाकडाच्या वर हवेत चालवावे. पूर्ण काम झाले, तर आता स्पिंडल सुरू करून पुन्हा हवेतच चालवावे. यावेळी यूएसबी तुटली किंवा लिमिट स्विचचा खोटा अलार्म आला, तर दोष स्पिंडलच्या विद्युत गोंगाटाचा आहे. सिग्नलच्या वायरी स्पिंडलच्या वायरीपासून दूर न्याव्यात, जाळीदार आवरणाच्या वायरी वापराव्यात, अर्थिंग तपासावे. हवेत सर्व सुरळीत आणि लाकडातच अडते, तर हत्यार बोथट आहे किंवा खोली आणि वेग जास्त ठेवला आहे.

लेझरचे दोन प्रकार छंदात येतात. ४५० नॅनोमीटरचा निळा डायोड लाकूड आणि पुठ्ठ्याला चालतो, पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून तो आरपार जातो. १०.६ मायक्रोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर ॲक्रिलिक स्वच्छ कापतो. एकाचा संरक्षक चष्मा दुसऱ्याला उपयोगी नाही. डायोडसाठी ग्रबलमध्ये $३२ चे मूल्य १ ठेवून एम४ ही आज्ञा वापरली की वेगानुसार शक्ती कमी-जास्त होते आणि कोपरे जळत नाहीत. नळीच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, लेझरमध्ये एकाच कोपऱ्यात काप कच्चा राहिला तर आरसे जुळलेले नसतात. सगळीकडेच कच्चा राहिला तर आधी भिंग पुसावे, मग नळीच्या वयाचा विचार करावा.

पेण-रोह्याचा पावसाळा या यंत्रांची खरी परीक्षा घेतो. दमट दिवसांत इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास जातो. लेझरची नळी थंड ठेवणाऱ्या चिलरचे पाणी नेहमीप्रमाणे २० अंशांवर ठेवले, तर थंड पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा घाम नळीला सुटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी बाहेरून उडते. अशा दिवसांत पाणी २६–२७ अंशांवर ठेवून शक्ती थोडी कमी करावी. एमडीएफ ओल शोषून फुगतो, म्हणून सीएनसीचा खालचा पाट मोसमात पुन्हा सपाट करून घ्यावा. गजांवर आणि स्क्रूवर तेलाचा पातळ हात असावा. वादळी पावसात वीज झटके देत असेल तर काम सुरूच करू नये. नळीच्या यंत्राला पक्के अर्थिंग नसेल तर त्याचा सांगाडा जीवघेणा ठरू शकतो.

शेवटी साहित्याची निवड. मखरासाठी सहज मिळणारा पीव्हीसीचा सनबोर्ड लेझरखाली कधीही ठेवू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो; तो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्राचे लोखंडही गंजवतो. फ्लेक्स आणि पीव्हीसीच्या रेक्झिनचेही तेच. सनबोर्ड कापायचा असेल तर सीएनसीच्या हत्याराने कापावा. थर्माकोलही लेझरखाली वितळून पेट घेतो. गणपतीच्या तोंडावर कामाची घाई असली, तरी लेझर चालू असताना कोणीतरी यंत्रापाशी थांबावे आणि अग्निशामक यंत्र हाताशी ठेवावे.